पिठाचा गोळा जिथवर नीट पोचतो, तिथवर साखळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या होटगी रोडवरचं तुमचं पिझ्झाचं दुकान चार वर्षं नीट चाललंय. आता बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट इथे शाखा काढायच्या आहेत. एका सल्लागाराने दोन वर्षांत पंचवीस फ्रँचायझी देऊन टाका असं सांगितलंय. एका भागापुरत्या पिझ्झा साखळ्या जगात कशा उभ्या राहिल्या, त्यांच्या इतिहासातून आपल्याकडे काय घेता येईल, हे तुम्हाला हवंय.

मी बेकरीच्या घरातला. नव्वदच्या दशकात आमच्या भट्टीतून पावाबरोबर पिझ्झाचे तयार बेस निघायचे आणि नवी पेठ, पार्क चौकातल्या कोल्ड्रिंक हाउसना जायचे. पुढे स्वतःचं दुकान काढलं, मग एकाची पाच झाली, पाचाची तीन झाली. ती तीन आजही आहेत. त्यामुळे हे उत्तर वाचलेल्या इतिहासाइतकंच ओव्हनसमोर उभं राहून आलेलं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरापासून करतो, कारण तुमच्या सल्लागाराला द्यायचं उत्तर तिथे आहे. 1963 साली जिम ग्रोटी नावाच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याने तिथलं ‘डोनॅटोज’ नावाचं छोटं पिझ्झाचं दुकान 1,300 डॉलरला विकत घेतलं. तेराव्या वर्षापासून त्याने पिझ्झाच्या दुकानात काम केलं होतं आणि तिथे त्याला एकच गोष्ट खटकायची: पिझ्झा प्रत्येक वेळी वेगळा निघायचा. कधी टॉपिंग भरपूर, कधी हात आखडता. त्याने ठरवलं की पातळ बेसवर टॉपिंग पार कडेपर्यंत जाईल आणि मोजून जाईल. मोठ्या पिझ्झावर पेपरोनीच्या, म्हणजे मसालेदार मांसाच्या सॉसेजच्या, शंभराहून जास्त चकत्या हे त्यांचं ब्रीदच झालं. पण शंभर चकत्या हाताने सारख्या जाडीच्या कापणार कोण? ग्रोटीने त्यासाठी कापायचं यंत्रच बनवलं. त्या यंत्रातून वेगळी कंपनी उभी राहिली आणि ती आज जगभरच्या अन्नउद्योगाला कापणीची यंत्रं विकते.

मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्याकडे दुसरं दुकान काढायचं म्हटलं की आधी बोर्डाचा रंग ठरतो. त्याने चकतीची जाडी ठरवली. साखळी म्हणजे दुसऱ्या दुकानातला पिझ्झा पहिल्या दुकानासारखा निघणं, एवढंच. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

छत्तीस वर्षं ही साखळी आपल्या भागात पसरत राहिली. 1999 साली मॅकडोनल्ड्सने ती विकत घेतली. त्या काळात मॅकडोनल्ड्स बर्गरखेरीज इतर साखळ्यांतही पैसे घालत होती. आता पैसा, जागा, माल आणण्याची व्यवस्था, कशाचीच कमतरता नव्हती. तरी चार वर्षांत, 2003 च्या अखेरीला, मॅकडोनल्ड्सने आपल्या मूळ धंद्याकडे लक्ष वळवलं आणि ग्रोटी कुटुंबाने आपलं दुकान परत विकत घेतलं. जिमची मुलगी जेन ग्रोटी एबेल पुढे कारभारात आघाडीवर राहिली. जगातल्या सगळ्यात मोठ्या खाद्यसाखळीला जे वेगाने वाढवणं जमलं नाही, ते सोलापुरातून दोन वर्षांत पंचवीस दुकानांवर नेऊन दाखवतो म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन: पंचविसाव्या दुकानातला गोळा कोण मळणार, आणि तो तिथे कशातून जाणार?

सेंट लुईसची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त आवडते. एड आणि मार्जी इमो या नवरा-बायकोने 1964 साली तिथे ‘इमोज’ सुरू केलं. एड फरशी बसवायचं काम करायचे. त्यांचा पिझ्झा चौकोनी तुकड्यांत कापला जातो, त्याचं कारण म्हणून लोक त्यांचा हा जुना व्यवसाय सांगतात. बेस खाकऱ्यासारखा पातळ आणि कुरकुरीत, त्यात यीस्टच नाही. त्यावर मोझरेला घालत नाहीत. घालतात प्रोव्हेल. चेडर, स्विस आणि प्रोव्होलोन मिसळून केलेलं हे प्रक्रिया केलेलं चीज वितळून मऊ पसरतं, पण त्याची तार निघत नाही. बाहेरगावची माणसं ते खाऊन नाक मुरडतात. सेंट लुईसची माणसं मात्र दुसऱ्या शहरात गेली की त्याच चवीसाठी झुरतात. साखळीची बहुतेक दुकानं आजही मिसुरी आणि शेजारच्या इलिनॉयमध्येच आहेत.

हे वाचलं तेव्हा मला आमचा 1990 नंतरचा काळ आठवला. तेव्हा सोलापुरात मोझरेला कोणी आणत नव्हतं. तयार बेस, त्यावर टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि वरून किसलेलं डब्यातलं चीज. बेस तव्यावर झाकण ठेवून गरम करायचा. चीज वितळायचंही नाही नीट, नुसतं घाम आल्यासारखं चकाकायचं. आज चाळिशीत असलेली सोलापूरची माणसं अजून माझ्याकडे येऊन ‘तसला जुना द्या’ म्हणतात, आणि मी देतो. मेन्यूत त्याला जागा आहे. मोझरेला आणि साधं चीज साधारण दोनास एक या प्रमाणात मिसळून मी तो करतो. इमोजने जे चीज आपलं मानलं, त्याला शहरानेही आपलं मानलं. गावाच्या जिभेची लाज धरायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

सिनसिनाटीचं ‘लारोझाज’ही याच जातीचं. बडी लारोझा यांनी 1954 साली आपल्या डीना आंटीच्या कृतीवर दुकान सुरू केलं. सॉस गोडसर. सत्तर वर्षांनंतरही त्यांची बहुतेक दुकानं त्या शहराच्या आसपासच आहेत. तिथल्या लोकांना त्यात काही कमीपणा वाटत नाही आणि धंद्यालाही नाही.

आता, पिझ्झा हट आणि डॉमिनोजही एके काळी एका भागाच्याच साखळ्या होत्या, हे खरं. डॅन आणि फ्रँक कार्नी या भावांनी आईकडून 600 डॉलर उसने घेऊन 1958 साली कॅन्ससमधल्या विचिटात पिझ्झा हट काढलं. डॉमिनोज 1960 साली मिशिगनमधल्या इप्सिलांटीतून निघालं. तिथे टॉम मोनॅहनच्या भावाने आपला अर्धा वाटा एका जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या बदल्यात सोडून दिला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: डॉमिनोजने बसून खाण्याची जागा कमी केली, मेन्यू आखूड ठेवला आणि पीठ एका जागी मळून दुकानांना पोचवायची घडी बसवली. 1996 साली दोघंही भारतात आले, डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात. त्याआधी 1993 मध्ये मुंबईत ‘स्मोकिन जोज’ सुरू झालं होतं. 1996 मध्येच चेन्नईत ‘पिझ्झा कॉर्नर’ निघालं, दक्षिणेत चांगलं पसरलं आणि पुढे दुसऱ्या परदेशी ब्रँडमध्ये विरून गेलं. चंदीगडचं ‘ला पिनोज’ 2011 चं. ते फ्रँचायझीच्या जोरावर मोठं झालं. म्हणजे तुमचा सल्लागार सांगतो तो रस्ता अस्तित्वात नाही असं मी म्हणत नाही. त्या रस्त्याला मागे केवढी यंत्रणा लागते ते तो तुम्हाला सांगत नाहीये.

ती यंत्रणा म्हणजे पीठ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बार्शीचा निर्णय इथेच होतो.

मळलेला गोळा जिवंत असतो. आमचा नऊ इंची पिझ्झाचा गोळा 230 ग्रॅमचा. मैद्याच्या 58 टक्के पाणी, यीस्ट अगदी कमी, आणि मळल्यावर 3 ते 4 अंशांत किमान 24 तास विश्रांती. थंडीत तो हळूहळू फुगतो, चव धरतो, लाटताना मागे ओढत नाही. मळून बाहेर काढताना त्याचं तापमान 24–25 अंश असायला हवं. आता सोलापूरचा मे महिना घ्या. मैदा 36 अंश, खोली 38 अंश, आणि मिक्सरच्या घुसळण्याने येणारी उष्णता 10 अंश धरा. बेकरीतला जुना हिशेब असा: हवं ते तापमान तीनने गुणायचं आणि त्यातून ही तिन्ही वजा करायची, राहील ते पाण्याचं तापमान. 25 गुणिले 3 म्हणजे 75, वजा 84. उत्तर आलं उणे 9. उणे 9 अंशांचं पाणी नळाला येत नाही. म्हणून पाण्याच्या मोठ्या भागाऐवजी चुरा केलेला बर्फ घालावा लागतो आणि मैद्याची पोती आदल्या रात्री थंड खोलीत ठेवावी लागतात. पुण्यातल्या किंवा बंगळुरातल्या माणसाने लिहून दिलेली कृती सोलापुरात मार्च ते जून चालत नाही. फ्रँचायझी देणाऱ्यांच्या जाड वहीत हे पान मी कधी पाहिलेलं नाही.

हा गोळा गाडीत घालून 70 किलोमीटर नेला की काय होतं, ते मी भोगलंय. बार्शीला आमची शाखा होती. एके वर्षी एप्रिलच्या शेवटी वैरागच्या पुढे गाडीचं थंड करणारं यंत्र बंद पडलं. ड्रायव्हरने फोन केला, मी म्हणालो, आता अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे, पुढे जा. बार्शीला पोचेपर्यंत ट्रेमधले गोळे एकमेकांना चिकटून एकच चादर झाली होती. त्या दिवशी ते फेकून दुकान बंद ठेवायला हवं होतं. शनिवार होता, मी तसंच वापरायला सांगितलं. बेस आंबट लागत होता, ओव्हनमध्ये फुलत नव्हता, मध्येच फाटत होता. एक कुटुंब दर शनिवारी आजीला घेऊन यायचं. त्यांनी काही तक्रार केली नाही, बिल दिलं आणि पुन्हा आले नाहीत. त्या शाखेचं पुढे जे झालं त्याची सुरुवात मी त्या संध्याकाळपासून धरतो, आणि ती चूक गाडीची नव्हती, माझी होती.

मग प्रत्येक शाखेत मळलं तर? तेही करून पाहिलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्रँचायझीवाल्याला आम्ही मिक्सर, वजनकाटा, कृती सगळं दिलं. सहा महिने ठीक चाललं. मग मळणारा मुलगा सोडून गेला, नव्या मुलाने पाण्याचा अंदाज हाताने घ्यायला सुरुवात केली, आणि मालकाने आम्हाला न सांगता चीज बदललं. वनस्पती तेलाचं जे ‘ॲनालॉग’ येतं ते. ते दिसायला छान, वितळायलाही चटकन, पण थंड झालं की टाळूला मेणासारखं बसतं. पाकिटावर ‘ॲनालॉग’ असं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, पण गिऱ्हाईक पाकीट कुठे पाहतं? ते आमचा बोर्ड पाहतं. विक्रीवरची पाच टक्के रॉयल्टी घेऊन मी माझं नाव एका पामतेलाच्या पाकिटाला भाड्याने दिलं होतं. करार मोडला, तीही शाखा बंद केली.

चीजबद्दल आपल्या भागाचं एक सुख आहे. बारामतीला आणि मंचरला चीजचे मोठे कारखाने आहेत, म्हणजे चांगला माल एका दिवसाच्या अंतरावर मिळतो. इटलीत मूळचं मोझरेला म्हशीच्या दुधाचं, आणि आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस आहे, लांब तलवारीसारख्या शिंगांची. ताज्या मोझरेलाचा एखादा छोटा प्रयोग पंढरपूरकडे कोणी केला तर पहिली ऑर्डर माझी. पण ते स्वप्न बाजूला ठेवून आज वजनकाटा घ्या. प्रत्येक पिझ्झावर 15 ग्रॅम चीज जास्त पडलं आणि दिवसाला 100 पिझ्झे गेले, तर दीड किलो चीज झालं. 450 रुपये किलोने 675 रुपये रोज, महिन्याला वीस हजारांवर. एका कामगाराचा पगार मुठीतून सांडतो. ग्रोटीने चकत्या का मोजल्या ते इथे कळतं.

तुमच्या चवीचं काय, हेही ठरवा. मोठ्या ब्रँडचं दुकान तुमच्यासमोर कधी ना कधी उघडणारच. त्यांच्यासारखाच पिझ्झा थोडा स्वस्त देणं हा खेळ तुम्ही हराल, कारण मैदा आणि चीज ते तुमच्याहून स्वस्तात घेतात. आमचा सगळ्यात जास्त जाणारा पिझ्झा शेंगाच्या चटणीचा आहे. तो जमायला दोन वर्षं लागली. चटणी आधी घालून ओव्हनमध्ये टाकली की 280 अंशांत शेंगदाणा करपतो आणि कडू होतो. म्हणून पिझ्झा बाहेर आल्यावर, कापायच्या आधी, उखळात कुटलेली चटणी थोड्या शेंगतेलात सैल करून वरून सोडायची. मिक्सरमधली कोरडी भुकटी चालत नाही, कुटताना सुटणारं तेल हवं. पूर्व भागातली तेलुगू घरं आणि विजापूर रोडची कन्नड घरं दोघंही तो ऑर्डर करतात, एवढं बहुभाषिक गाव एका चवीवर एकत्र येतं याचा मला मनापासून अभिमान आहे.

सॉस मुळातच कांदा-लसणाशिवाय करा. सोलापुरात जैन कुटुंबं बरीच आहेत, चातुर्मासात ही मागणी वाढते. लसूण लागेल तिथे वेगळ्या तेलातून वरून घालता येतो. दोन सॉस ठेवले की गर्दीत कधीतरी चमचा चुकतोच, आणि तो विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

आता गावांबद्दल. पंढरपूर तुम्हाला गर्दीमुळे मोहात पाडतंय, हे मी समजू शकतो. पण गर्दीचे सगळ्यात मोठे दिवस आषाढी-कार्तिकी एकादशीचे, आणि त्या दिवशी येणाऱ्यांचा उपास असतो. साबुदाणा जातो, मैदा नाही. अक्कलकोटला गुरुवारी रीघ असते, पण ती दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन परतणाऱ्यांची. घरचं गिऱ्हाईक, जे महिन्यातून चार वेळा येईल, ते तिथे मोजकं आहे. बार्शी तशी नाही. बाजारपेठ, कॉलेजं, दवाखाने, तिथलंच राहणारं आणि पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक. माझी शाखा माझ्या हलगर्जीपणाने गेली, गावामुळे नाही.

तरीही दुसरं दुकान बार्शीला काढू नका. ते सोलापुरातच काढा, अशोक चौकाच्या बाजूला किंवा जुळे सोलापुरात. लारोझाजची वाढ पाहिली तर ती अशीच आहे, एका शहरातल्या एका भागातून दुसऱ्या भागात. सहा-सात किलोमीटरवर गोळे रिक्षातून थर्माकोलच्या पेटीत जातात, ओव्हन बिघडला तर अर्ध्या तासात तुम्ही तिथे पोचता, मुलगा सुट्टीवर गेला तर इकडचा तिकडे पाठवता येतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका दुकानाचं पीठ संपलं तर दुसऱ्याचं उसनं घेता येतं. दोन दुकानांना एकाच जागी मळायची सवय तुम्हाला इथे लागेल. मळणं, गोळे करणं, तारीख आणि वेळ लिहून ट्रे लावणं हे काम एका वेगळ्या छोट्या खोलीत हलवा. दुकानामागचं ते स्वयंपाकघर हीच तुमची खरी कंपनी. तिला थंड खोली, बर्फाचं यंत्र आणि वीज गेली तर चालणारा जनरेटर आधी घ्या, दुकानातले दिवे आणि खुर्च्या नंतर.

हे वर्षभर न अडखळता चाललं की मग बार्शीचा विचार करा. भाड्याच्या करारावर सही करायच्या आधी एक चाचणी घ्या. सलग पंधरा दिवस वीस गोळे गाडीतून बार्शीला पाठवा आणि परत आणा. निघताना, तिथे पोचल्यावर आणि परत आल्यावर गोळ्यात तापमापीचा काटा खुपसून तापमान वहीत लिहा. 8 अंशांच्या वर गेलेला ट्रे बाद धरायचा. दुसऱ्या दिवशी ते गोळे आणि घरीच राहिलेले गोळे एकाच ओव्हनमध्ये भाजा आणि कुठला कोणता ते न सांगता तुमच्या जुन्या कामगारांना खायला द्या. पंधरा दिवसांत त्यांना फरक ओळखता आला नाही, तर बार्शीत जागा पाहायला मीही तुमच्याबरोबर येतो. चाचणी मात्र मे महिन्यातच घ्या. डिसेंबरात सगळेच गोळे चांगले असतात.